पावणेचार इंच

हेराल्ड आली ती तीन चाकांवर.
चौथ्या कोपऱ्याखाली अमळनेरच्या बंद जिनमधली फळी
आणि चार विटा, त्याही परत द्यायच्या होत्या.

भुसावळच्या शेडमध्ये छत्तीस वर्षं मी इंजिनांची चाकं तासली.
इंदू म्हणाली, आता घरीही तेच?
तेच कसं.
इंजिनाच्या चाकाला रूळ सोडून कुठे जायचं नसतं.

धुळ्याला आग्रा रोडवर म्हणे सगळी चाकं मिळतात.
भाचा भूपेश सोबत. त्याला चकचकीत हवं होतं,
सूर्यफुलासारखं, आतून ब्रेक दिसणारं.
दुकानदाराने चहा सांगितला, अलॉय मांडले,
एकेकावर टिचकी मारून आवाज ऐकवला.
देखणे होते. मी कॅलिपर काढला.
मारुतीचं साडेचार इंच. अँबेसेडरला नटच पाच.
माझ्या गाडीला चार, आणि समोरासमोरच्या दोन छिद्रांत
पावणेचार.
"पाऊण इंचाचा तर प्रश्न आहे काका, भोकं लांबवून देतो."
लांबवलेल्या भोकात नट बसतो,
पण विसाव्या मैलाला त्याला कळतं
की इथे हलायला जागा आहे.

पाच महिने गेले.
जळगावच्या भंगारात तीन रविवार, चाळीसगावात एक,
नंदुरबारला एसटीत उभ्याने,
तिथे निघालं ते तेरा इंची खरं, पण ट्रॉलीचं.
खिशात कागदावर काढलेलं वर्तुळ, चार टिंबांचं.
ते इतक्या जणांना दाखवलं
की घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले,
प्रत्येकात एक टिंब.

शेवटी दिसलं ते पारोळ्याच्या अलीकडे,
स्कूटर पंक्चर झाली तिथे,
झेडपीच्या शाळेसमोर, लिंबाच्या फांदीला
साखळीने टांगलेलं.
झिपरूआप्पांनी तुटका पाना उचलला आणि मधली सुट्टी केली.
मी छिद्रं आधी डोळ्यांनी मोजली,
मग चाक थरथरायचं थांबल्यावर कॅलिपरने.
"हाई चाक नही भाऊ," आप्पा म्हणाले,
"हाई घंटा शे."

त्यावर काय बोलणार.
पैसे घेईनात. बाई म्हणाल्या, ठराव लागेल.
ठराव झाला, दुसऱ्या बैठकीत.
मी लिलावातला दीड फूट रूळ नेला,
त्याला भोक स्वतः पाडलं, साखळीही नवी.
निघताना बाईंकडे एक खडू मागितला.

जॅक लावला. चाक हबवर चढवलं, फिरवलं,
खडू कडेजवळ स्थिर धरला:
कड जिथे बाहेर येते तिथे पांढरी रेघ उमटते.
उमटली, बोटभर. लाकडी हातोडी, पुन्हा फिरवणं,
पुन्हा हातोडी.
चौथ्या खेपेला लोखंड कोरं राहिलं.
नट समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाही,
आधी हाताने, मग पान्याने,
शेवटचा पीळ गाडी जमिनीवर टेकल्यावर.
भूपेश वाकून बघत होता.
शेवटचे दोन त्याने आवळले, न सांगता, समोरासमोरचे.

तबकडीवर एक खळगा आहे, अंगठा मावेल एवढा.
रोज सहा वेळा, चाळीस वर्षं, एकाच जागी.
ठोकून काढता आला असता.
मी त्यावरून फक्त रंग फिरवला,
आकाशी.

साकेगावपर्यंत गेलो, वाघूरच्या पुलावरून.
काटा चाळीसच्या पुढे गेला की खालून काहीतरी गुणगुणतं.
भूपेश म्हणतो बेअरिंग.

परवा झिपरूआप्पांचा फोन.
रुळाचा आवाज जाड आहे, बोरीपलीकडे पोचत नाही,
तिकडची पोरं प्रार्थनेला उशिरा येतात.
मी वर्तुळ पुन्हा काढलं, नव्या कागदावर.
आता दोन हवी आहेत:
एक डिकीत ठेवायला,
एक लिंबाला.